रोझेलची मावशी

आज डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो असं आम्ही म्हटलं, तर तुमच्यातल्या निम्म्याजणी म्हणतील, ती आम्हाला ठाऊक आहे. शाळेत ऐकली होती, सिनेमाही आला होता. खरं आहे. कल्याणची मुलगी, नवव्या वर्षी लग्न, नवरा पोस्टात, त्यानं शिकवलं, ती एकटी अमेरिकेला गेली, डॉक्टर होऊन आली आणि बाविशी गाठायच्या आत वारली. एवढं बहुतेकींना येतं.

पण या गोष्टीत आणखी एक बाई आहे. पुस्तकात तिचं नाव एखाद्या ओळीत येतं आणि जातं. ती डॉक्टर नव्हती, पुढारी नव्हती, कुठल्या संस्थेची अध्यक्ष नव्हती. घरसंसार सांभाळणारी बाई होती. अमेरिकेत न्यू जर्सी नावाचं राज्य आहे, तिथल्या रोझेल गावात ती राहायची. नाव थिओडिसिया कार्पेंटर. आनंदीबाई तिला मावशी म्हणायच्या आणि ती आनंदीबाईंना भाची मानायची. आज आम्ही या मावशीबद्दल बोलणार आहोत.

ही मावशी आनंदीबाईंना सापडली ती दातांच्या दवाखान्यात.

त्याआधी थोडं मागचं सांगायला हवं. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते, वयानं बरेच मोठे आणि स्वभावानं विक्षिप्त. बायकोला शिकवायचंच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या काळात असा नवरा शोधून सापडला नसता, हे मान्य. पण त्यांची शिकवायची रीत फार कडक होती. अभ्यास सोडून स्वयंपाकात रमली म्हणून मार बसे, वस्तू अंगावर फेकल्या जात. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या सगळ्याची आठवण स्वच्छ शब्दांत करून दिली आहे. त्यांना त्याचं काय वाटत होतं, हे त्यांनी लपवलं नाही. गोपाळरावांमुळे त्या शिकल्या हे खरं आणि त्यांनी मारलं हेही खरं. यातलं एक सांगताना दुसरं गाळू नये असं आम्हाला वाटतं.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तेव्हा बाळंतिणीला दाखवायला बाई डॉक्टर नव्हती. पुरुष डॉक्टरपुढे जायची सोय नव्हती, आणि जावं असं बाईलाही वाटत नव्हतं. अंगावर काढायचं, सोसायचं. अशा कितीजणी गेल्या असतील त्याची नोंदही नाही. आपण डॉक्टर व्हायचं, ही इच्छा आनंदीबाईंच्या मनात त्या दुःखातून धरली.

गोपाळराव तेव्हा कोल्हापूरला होते. त्यांनी 1878 साली अमेरिकेतल्या एका पाद्र्याला पत्र घातलं. त्याचं नाव वाइल्डर. हा गृहस्थ पूर्वी बरीच वर्षं कोल्हापुरातच मिशनचं काम करून गेलेला होता. गोपाळरावांनी विचारलं, की मला बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, तिकडे मला काही नोकरी मिळेल का, तुम्ही काही मदत कराल का. उत्तर आलं ते असं, की ख्रिस्ती व्हायची तयारी असेल तर बघू. गोपाळरावांना ते मान्य नव्हतं आणि आनंदीबाईंनाही नव्हतं. विषय तिथंच संपला असता. पण वाइल्डरनं हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. ते मासिक धर्मप्रचाराच्या बातम्या देणारं होतं, आणि त्याचा एक अंक कसा कोण जाणे रोझेलजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे येऊन पडला.

कार्पेंटरबाई तिथे आपला नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. तुम्हा-आम्हाला ही वेळ चांगली माहिती आहे. तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर बसावं, समोरचं जुनं मासिक चाळावं, चित्रं पाहावी, नाव पुकारलं की उठावं आणि वाचलेलं तिथंच विसरून यावं. त्या विसरल्या नाहीत. कुठल्याशा कोल्हापुरातला एक कारकून आपल्या बायकोला शिकवू पाहतो आणि मदत मागताना त्याला धर्म बदलायला सांगितलं जातं, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं. घरी येऊन त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. ते साल 1880 चं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या.

आता बघा, पत्र एकदा लिहिणं सोपं असतं. मन हललं की आपणही काहीतरी करतो. पूर आला की कपडे देतो, कुणाचं घर जळलं की भांडी देतो, आणि ते चांगलंच आहे. पण कार्पेंटरबाईंनी दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं, आणि तीन वर्षं लिहीत राहिल्या. तेव्हा टपाल बोटीनं जायचं, एका पत्राचं उत्तर हाती यायला महिने लागायचे. त्यात गोपाळरावांच्या बदल्या सुरूच. कोल्हापूर झालं, भूज झालं, मग कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं, हुगळी नदीच्या काठचं. आनंदीबाईंचा पत्ता बदलायचा आणि मावशीची पत्रं त्यांना शोधत तिथं पोचायची.

त्या पत्रांत काय असे? आनंदीबाई आपल्याकडच्या रीती, सणवार, देवधर्म समजावून सांगत. मावशी तिकडच्या घराचं, समाजाचं लिहीत. बालविवाहानं मुलींच्या तब्येतीची कशी दशा होते, यावर दोघींनी पानंच्या पानं लिहिली. एकीचा मुलगा दहा दिवसांत गेलेला, दुसरी लेकीबाळींची आई. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. भाषाही आनंदीबाईंची शिकून घेतलेली, घरात बोलायची नव्हे. तरी नातं लागलं. आमच्या गटात कुणी म्हणालं होतं, की दया करणारी बाई उंबऱ्याच्या आतून वाटी देते आणि माया करणारी बाहेर ओट्यावर येऊन बसते. कार्पेंटरबाई ओट्यावर येऊन बसल्या होत्या, एवढाच फरक त्यांच्यात आणि त्या पाद्र्यात होता. ख्रिस्ती दोघंही होते.

कलकत्त्याकडे आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. सारखं डोकं दुखायचं, अधूनमधून ताप यायचा, अशक्तपणा होता, धाप लागायची. मावशीनं अमेरिकेतून औषधं पाठवली. ती लागू पडली नाहीत. गुण आला नाही म्हणून ही गोष्ट आम्ही वगळणार नाही. समुद्रापलीकडच्या एका मुलीचं डोकं दुखतं म्हणून बाटल्या बांधून टपालात टाकणारी बाई आम्हाला त्या बाटल्यांमुळेच जास्त कळते.

गोपाळरावांनी शेवटी ठरवलं, की बायकोला एकटीनंच पुढे पाठवायचं. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे जात गेली, असं होतं. त्यातून एकटी बाई, नवऱ्याशिवाय. लोक खिडकीत येऊन बघत, दगड-माती फेकत, कुत्सित बोलत. ज्यांना वाटतं, की आपल्या काळात बायकांना फार ऐकून घ्यावं लागतं, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, म्हणजे आपलं ऐकून घेणं कमी वाटेल असं नाही, पण सोबत तरी वाटेल. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या. वय अठरालाही महिना कमी. हिंदुस्थानात बाई डॉक्टरांची किती गरज आहे, आपण का चाललो आहोत, हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, असा शब्द दिला.

असा शब्द द्यायला पाठीशी काहीतरी लागतं. नुसत्या धाडसावर माणूस एवढा लांब जात नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी आपलं उभं असणार, आणि ते आपल्याला आहे तसं घरात घेणार, याची खात्री लागते. आनंदीबाईंजवळ ती तीन वर्षांच्या पत्रांतून आलेली होती. सासरी निघालेल्या मुलीला माहेरच्या दाराची असते, तशी. इथं दार फक्त उलट्या बाजूला होतं.

7 एप्रिलला बोट कलकत्त्याहून सुटली. 4 जून 1883 ला न्यूयॉर्कला लागली. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास, सोबतीला मिशनच्या बायका, आणि त्यांचं वागणं सोबतीसारखं नव्हतं. न्यूयॉर्कला उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. मावशी-भाची पहिल्यांदा समोरासमोर आल्या त्या तिथे.

उन्हाळ्याचे दिवस आनंदीबाई रोझेलला राहिल्या. या घरात त्या साडीतच वावरल्या, शाकाहारीच राहिल्या, आपल्या देवाधर्माप्रमाणे राहिल्या. त्यांना बदलायची अट या घरानं घातली नाही. आजही आपण एखाद्या गरजू मुलीला घरी ठेवून घेतो तेव्हा हळूच आपल्या अटी सुरू होतात: असंच नेस, असंच बोल, आमच्याच गुरूकडे चल, उपकार लक्षात ठेव. ज्यांनी कुणाला ठेवून घेतलं असेल किंवा ज्या कुणाकडे राहिल्या असतील, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या रंगाची, दुसऱ्या धर्माची मुलगी घरात ठेवायची आणि तिचं सगळं तिला राहू द्यायचं, हे 1883 साली सोपं नव्हतं. शेजारीपाजारी बघायला येत असणार, विचारत असणार. घर तरी तिचंच राहिलं.

ऑक्टोबरात आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या कॉलेजात दाखल झाल्या. बायकांना डॉक्टरी शिकवणारं हे कॉलेज 1850 साली निघालेलं होतं. तिथल्या प्रमुख रेचल बॉडली म्हणून एक बाई होत्या, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांचंही आनंदीबाईंवर बारीक लक्ष होतं. थंडी सोसेना, खाण्याचे हाल, खोकला सुरू झाला, पण अभ्यास सुटला नाही. 10 ऑक्टोबर 1885 ला त्या कॉलेजात काढलेला एक फोटो आज जगभर प्रसिद्ध आहे. तीन मुली आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. एक जपानची केई ओकामी, एक सीरियाची सबात इस्लामबूली आणि साडीत बसलेल्या आपल्या आनंदीबाई. मिळाला तर जरूर बघा. तीन देशांच्या तिघी, आणि तिघी आपल्या मायदेशातल्या बायकांसाठी डॉक्टर व्हायला आलेल्या.

11 मार्च 1886. आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तो आपल्याकडच्या प्राचीन ग्रंथांतल्या प्रसूतिशास्त्रावर. एकविसावं वर्ष पुरं व्हायला अजून वीस दिवस होते. या तारखेकडे लक्ष ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानानं त्यांना बोलावणं केलं. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या बायकांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक झाली. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी पहिलं पत्र टाकलं होतं, तिथंच काम मिळालं. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. परत येतानाच त्या फार आजारी होत्या. कोल्हापूरला रुजू होता आलंच नाही. 26 फेब्रुवारी 1887 च्या रात्री पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना राहिला होता. पदवी मिळून पुरतं वर्षही झालं नव्हतं. परत आल्यावर एकाही बाळंतिणीला त्या आपल्या हातानं सोडवू शकल्या नाहीत.

आणि मग त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवण्यात आली, मावशीकडे.

हे आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नव्हतं. आपल्याकडे रक्षा नदीत सोडतात, गंगेला नेतात. आनंदीबाईंची रक्षा समुद्र ओलांडून गेली. जो समुद्र ओलांडला म्हणून लोकांनी नावं ठेवली, तोच. कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवली. तिथं दगडावर आनंदीबाईंचं नाव कोरलेलं आहे आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून बाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी ओळख लिहिलेली आहे. आजही तो दगड तिथं आहे. घराण्याच्या जागेत कुणाला ठेवतात? रक्ताच्या माणसाला. मावशी हा नुसता पत्रातला मायना नव्हता, हे त्या दगडावरून कळतं.

आणखी एक काम मावशीनं केलं होतं. भाचीची पत्रं तिनं सांभाळून ठेवली होती. कॅरोलाइन डॉल नावाच्या लेखिकेनं 1888 साली बॉस्टनमध्ये आनंदीबाईंचं चरित्र छापलं, त्याला या पत्रांचा मोठा आधार होता. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिलं. काशीबाई स्वतः नवऱ्याच्या मदतीनं, घरच्यांच्या डोळ्याआड लिहायला-वाचायला शिकलेल्या. आज आनंदीबाई काय विचार करत होत्या हे आपण त्यांच्याच शब्दांत सांगू शकतो, ते पत्रं कुणी चुलीत घातली नाहीत म्हणून. आपल्या आज्या-पणज्यांचं असं काय शिल्लक आहे? फार तर एखादी गोधडी, एखादी ओवी.

आता हिशोबाचा प्रश्न. बचत गट चालवणाऱ्या बायकांना तो पडतोच. एवढं सगळं केलं, सात वर्षं जीव लावला, औषधं पाठवली, घरात ठेवलं, शिकू दिलं, आणि मुलगी एक दिवसही काम न करता गेली. मग मिळालं काय? त्या काळी लोकांनी हेच विचारलं होतं. मुलगी शिकून फुकट गेली, बघा समुद्र ओलांडल्याचं फळ, असंही बोलणारे होते.

याचं उत्तर द्यायला आम्हाला पुन्हा 11 मार्च 1886 कडे जावं लागतं. त्या पदवीदान समारंभाला एक बाई आपल्या पाच वर्षांच्याही आतल्या लेकीला घेऊन इंग्लंडहून आल्या होत्या. त्या पंडिता रमाबाई. संस्कृतच्या मोठ्या विदुषी. आईबाप दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, नवराही दोन वर्षांच्या आत गेला. इंग्लंडला जाऊन त्या ख्रिस्ती झाल्या होत्या आणि तिथल्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या. आनंदीबाई पदवी घेताना आपण हजर असावं म्हणून त्यांना निमंत्रण गेलं होतं रेचल बॉडलींचं. थोड्या दिवसांसाठी म्हणून त्या आल्या.

आल्या त्या अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. अमेरिकेत गावोगाव फिरल्या, भाषणं केली, आपल्याकडच्या उच्च जातींतल्या विधवांचे आणि लहान वयात लग्न झालेल्या मुलींचे हाल सांगणारं पुस्तक इंग्रजीत लिहिलं. ते 1887 साली फिलाडेल्फियात छापलं. त्याची प्रस्तावना रेचल बॉडलींनी लिहिली आणि त्यात आनंदीबाईंची गोष्ट सांगितली. आनंदीबाई तेव्हा नुकत्याच गेलेल्या होत्या. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या पैशावर रमाबाईंनी परत येऊन मुंबईत विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह काढलं, शारदा सदन. ते उघडलं 11 मार्च 1889 ला. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

आम्ही असं म्हणत नाही, की कार्पेंटरबाई नसत्या तर रमाबाई काही करू शकल्या नसत्या. रमाबाई हे वादळ होतं, त्यांनी वाट काढलीच असती. पण त्यांना अमेरिकेला जायला निमित्त झालं ते आनंदीबाईंची पदवी, आणि आनंदीबाईंना अमेरिकेत पाय ठेवायला जागा झाली ती रोझेलची. एवढं तरी मान्य करायला हवं.

शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी कोण होती माहिती आहे? कोकणातल्या देवरुखची गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी विधवा झालेली. सासरी राबण्यात तरुणपण गेलं, विशी ओलांडल्यावर भाऊ नरहरपंत यांनी तिला मुंबईला आणलं आणि रमाबाईंच्या हवाली केलं. त्या वयात ती पाटी घेऊन बसली. या नरहरपंतांचे मित्र होते धोंडो केशव कर्वे. त्यांची पहिली बायको वारली होती. दुसरं लग्न करीन तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं आणि गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं. त्या लग्नाची तारीख 11 मार्च 1893. लग्नानंतर गोदूबाईंचं नाव काय ठेवलं, तर आनंदी.

कर्वे यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. दोघांनी ते सोसलं. पुढे कर्व्यांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि तो 1900 साली हिंगण्याला एका झोपडीत गेला. या आनंदीबाईंना सगळे बाया कर्वे म्हणू लागले. बायांनी संसारही ओढला आणि आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. नवरा घरातलं सगळं आश्रमाला देऊन टाकी, तेव्हा पोरांच्या तोंडात काय घालायचं, हा प्रश्न बायांचा असे. त्यांनी ‘माझे पुराण’ नावानं आपली हकिकत लिहिली आहे, ती वाचताना हसू येतं आणि पोटात तुटतंही. थोर माणसांच्या बायकांनी लिहिलेलं आधी वाचावं आणि मग थोर माणसाचं, असा आमचा एक आगाऊ सल्ला आहे.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. लेकराला घेऊन बहिणीकडे आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्याच झाल्या. केशवपन केलेली ही बाई गावोगाव फिरून आश्रमासाठी झोळी पसरायची. पुढे मनाशी विचार करून त्यांनी केस ठेवले आणि या रूढीविरुद्ध बोलायला लागल्या. याच कामाच्या वाटेवर 1916 साली बायकांचं विद्यापीठ निघालं, आजचं एसएनडीटी. आपल्यातल्या कुणाच्या मुली तिथं शिकलेल्याही असतील.

फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजातही आनंदीबाईंनंतर वाट बंद झाली नाही. मुंबईच्या गुरुबाई करमरकर 1892 साली तिथूनच डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत बायका-मुलांवर वर्षानुवर्षं उपचार केले. जे काम आनंदीबाईंना करायला मिळालं नाही, ते.

यातलं कार्पेंटरबाईंना किती कळलं असेल? पकीप्सीच्या दगडाजवळ उभं राहून त्यांना देवरुखची गोदूबाई दिसणं शक्य नव्हतं. हिंगणं कुठं आहे हेही सांगता आलं नसतं. त्यांनी यातलं काही घडावं म्हणून पत्र लिहिलं नव्हतं. त्यांना एका पंधरा वर्षांच्या मुलीला उत्तर द्यायचं होतं. तिचं पत्र आलं की उत्तर द्यायचं, आजारी आहे म्हटलं की औषध धाडायचं, येते म्हटलं की आणायला जायचं, गेली म्हटलं की जागा करायची. प्रत्येक वेळी समोर एवढंच होतं.

पार्वतीबाई आठवले 1918 साली अमेरिकेला गेल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, इंग्रजी नावापुरतं, खिशात पैसा नाही. भाषा शिकायची होती आणि आश्रमासाठी मदत मिळवायची होती. तिथं त्यांनी लोकांच्या घरी धुणीभांडी केली, झाडलोट केली, पोटापुरतं मिळवलं. घराघरांतल्या बायकांशी तोडक्यामोडक्या भाषेत बोलल्या. काहींनी त्रास दिला, काहींनी जीव लावला, आणि आश्रमासाठी पैसे घेऊन त्या हिंगण्याला परत आल्या.

पुढच्या महिन्यात आम्ही बाया कर्व्यांवरच पूर्ण भाग करणार आहोत, ‘माझे पुराण’मधल्या हकिकती सांगणार आहोत. तोवर एक काम तुम्हाला देतो. तुमच्या गावात अशी कुणी मावशी असेल, आत्या असेल, शेजारीण असेल, जिनं कुणाच्या तरी लेकीला वर्षानुवर्षं धरून ठेवलं, परीक्षेच्या दिवशी डबा दिला, माहेर नसलेलीचं पहिलं बाळंतपण आपल्या घरी केलं, आणि जिचं नाव कुठल्याही पाटीवर नाही, तर तिची हकिकत गटाच्या बैठकीत लिहून काढा. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहवून घ्या. ती जिवंत असेल तर तिला विचारून मगच नाव घाला. आणि पत्रं जुनी असतील, वाळवी लागलेली का असेनात, ती टाकू नका.